भूक तिची, नाव माझं

१९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. साहित्यवाल्यांनी उचलून धरलं. आपल्यातल्याच काहींना मात्र घरातलं चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटलं. तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

मी आयवर लिहितो. तिचं उपाशी झोपणं, शेण उचलणं, शिळं पदरात घेणं. लोक म्हणतात, काय जळजळीत लिहिलंय! मानधन मला. शाल माझ्या खांद्यावर. म्हंजे राबली ती आणि बलुतं मागून आणलं मी.

एकदा तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, “समदं खरं हाय. पर मी हसत बी व्हते की. ते कुठं गेलं?”

मी गप्प. गावानं तिला फक्त राबताना बघितलं. मीही तेवढंच बघितलं, तर गावात नि माझ्यात फरक तो काय?

कुणा संपादकाची, पुढाऱ्याची परवानगी न मागता लिहितो, म्हणून आपण स्वतंत्र लेखक. बरं. पण जिच्या जगण्यावर लिहितो तिलाही विचारायचं नाही? लाज वाटते म्हणून झाकायचं नाहीच, लिहायचंच. पण छापायच्या आधी तिच्यापुढं बसून वाचायचं. ती खोडेल ते ऐकायचं.

सध्या तिचं हसू लिहायला बसलोय. अजून जमत नाही.