छावणीतला कल्पित मुलगा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा रोजच्या गर्दीत सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. जून 1857 मध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडेस्वारांनी दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नकार दिला. पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने बंड मोडलं. काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. त्यांची आठवण म्हणजे हा चबुतरा.

पाचवी-सहावीच्या शिक्षकाने याच छावणीतल्या मोतद्दाराच्या मुलाची गोष्ट रचली, तर ते खोटं शिकवणं ठरेल का?

नाही, फक्त मुलगा कल्पित आणि फाशी खरी, हे आधीच सांगायला हवं. सनावळीत न दिसणारा पेच गोष्ट उघडा करते. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि 1853च्या तहानंतर खर्च वऱ्हाडच्या महसुलातून. मग स्वारांनी मीठ कुणाचं खाल्लं? इमान कुणाशी राखायचं? कुरुक्षेत्रावर अर्जुन अशाच पेचात थबकला होता. त्याच्यासमोर तर आजोबाच उभे होते!

प्रत्येक गोरा राक्षस आणि प्रत्येक स्वार संत रंगवला, की हा पेच संपतो. सगळ्यांनी बंड केलं नव्हतं. बाजूला राहिलेल्या स्वारालाही गोष्टीत बोलू द्यावं. शिक्षकांनी एकदा वर्ग चबुतऱ्यापाशी न्यावा आणि निवाडा मुलांवर सोडावा.