सहा मार्कांचे अंतर

मोजणाऱ्यावर कुणीही संशय घेत नाही, अशी मार्क ही जगातली एकमेव वस्तू असावी. भाजीवालीच्या काट्याकडे आपण डोळे वटारून बघतो. थर्मामीटरसुद्धा झटकून पुन्हा लावतो. पण जुळ्या बहिणींपैकी एकीला गणितात ८४ आणि दुसरीला ७८ पडले, की निकाल लागला! पहिली हुशार, दुसरी यथातथा. पेढे एकीच्या नावाने, उपदेश दुसरीच्या.

१९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघा गृहस्थांनी एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. निबंधाची नव्हे, भूमितीची हं! मार्क आले तिसाच्या आतपासून थेट नव्वदीच्या पुढपर्यंत. म्हणजे तोच मुलगा नापास आणि तोच पहिल्या वर्गात! यात परीक्षेच्या दिवशीची डोकेदुखी आणि नेमका वाचलेलाच प्रश्न येणे, हे धरलेलेच नाही.

समजा, एखाद्या परीक्षेत मापाची प्रमाण त्रुटी तीन मार्कांची आहे. आपल्याला वाटते, दोघींचे तीन-तीन परस्पर फिटतील. छे! ते साठतात. तीनचा वर्ग नऊ, दोघींचे मिळून अठरा, त्याचे वर्गमूळ सुमारे सव्वाचार. शास्त्राची रीत अशी, की फरक याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सव्वाआठाच्या पुढे गेला तरच तो मनावर घ्यायचा. सारख्याच तयारीच्या मुलींत याहून मोठा फरक शंभरात पाचदाच पडतो. इथे तर सहाच आहेत! दोघी सारख्याच, असेही यातून सिद्ध होत नाही म्हणा. सिद्ध होते ते एवढेच, की आपल्याला ठाऊक नाही. आणि 'ठाऊक नाही' म्हणायला आईबापांची जीभ भारी जड होते.

मग यादी लावूच नये की काय? जागा साठ आणि अर्ज सहाशे असले, की कुठेतरी रेघ मारावीच लागते. बसमध्येही कंडक्टर कुणाच्या तरी नाकासमोर घंटी मारतोच. पण खाली राहिलेल्याला तो नालायक म्हणत नाही. रेघ ही जागांची सोय आहे. तिच्यावरून घरात 'बघ जरा ताईकडे' सुरू झाले, की तीन मार्कांची त्रुटी पोरीला जन्मभर पुरते.

तेव्हा पेढे दोघींच्याही नावाने वाटावेत. हलवायाचा काटा मात्र नीट बघून घ्यावा.