डरखाइम आणि कोल्हारची भगवती

समाजशास्त्रीय सिद्धांतांच्या पहिल्या अभ्यासक्रमात धर्माचा धडा एमिल डरखाइम यांच्यावाचून पुरा होत नाही. १९१२ सालच्या त्यांच्या ग्रंथातले प्रतिपादन थोडक्यात असे: लोक एकत्र जमतात, एका तालावर गातात-नाचतात आणि एकट्याला कधी न जाणवणारे बळ त्यांच्या अंगात येते. हे बळ समुदायाचे. लोक मात्र ते देवाचे मानतात. म्हणजे भक्त पूजतो तो समाजच.

हा धडा आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या कोल्हारात मोबाइलवरही शिकता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. २०१७ पासून केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठही आहे. अशा घरबसल्या शिक्षणावरचा नेहमीचा आक्षेप दुराव्याचा. पण डरखाइम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेलेच नव्हते; तिथल्या अरुंटा आदिवासींचे विधी त्यांनी स्पेन्सर आणि गिलन यांच्या पुस्तकांतून जाणले. मॅक्स वेबर यांनीही भारतात पाऊल न टाकता हिंदू धर्मावर ग्रंथ लिहिला. कोल्हारच्या विद्यार्थ्याला उलट भगवतीमातेचे देऊळ आणि नवरात्रातली गर्दी लहानपणापासून ठाऊक असते. त्याची उणीव दुसरीकडे आहे. डरखाइम यांच्याभोवती त्यांनी १८९८ पासून काढलेल्या समाजशास्त्रीय वार्षिकामुळे जमलेला सहकाऱ्यांचा गट होता. एकट्याने व्हिडिओ पाहणाऱ्याला ‘हे इथे लागू पडत नाही’ म्हणून अडवणारे कोणी नसते.

आणि इथे बरेच काही लागू पडत नाही. कोल्हारच्या भगवतीच्या ठायी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर आणि वणीच्या देवी एकत्र नांदतात, अशी श्रद्धा आहे. मग ही देवी कोणत्या समाजाचे रूप मानायची, गावाचे की महाराष्ट्राचे? जवळच्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात परमुलखातून येतात, कोप्या घालून राहतात आणि निघून जातात. त्या या समाजात मोडतात का, हे विचारायला मार्क्सच हवा. एकत्र जमल्याने समाज एक होतोच, असेही नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत स्वतः चालल्या, भारावल्याही. तरी एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, ही खंत त्यांनी वारीवरच्या आपल्या लेखात नोंदवली. धड्याला जोडून हा लेख वाचायला द्यावा, इतका तो मोलाचा आहे.

तात्त्विक प्रश्न याहून अवघड आहे: श्रद्धेचे सामाजिक कारण सापडले, म्हणून ती खोटी ठरते का? गर्दीत माणसाला बळ येते, हे निरीक्षण झाले. त्या बळामागे समाजाखेरीज काहीच नाही, हे निरीक्षण नव्हे. तो तत्त्वज्ञानातला दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. पाढेही समाजच शिकवतो. तेवढ्याने गणित समाजाची कल्पना ठरत नाही. अर्थात यातून देवीचे अस्तित्वही सिद्ध होत नाही. वेबर यांनी म्हणूनच कर्त्याच्या लेखी कृतीचा अर्थ काय, एवढेच समजून घ्यायचे ठरवले आणि श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा निवाडा समाजशास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवला.