थापा, खोटं आणि ‘बंकम’

आपल्या आदिलाबादला घरात मराठी, बाजारात तेलुगू. पोकळ बोलण्याला आपण ‘बाता’ म्हणतो, शेजारच्या अक्का ‘सोल्लु’ म्हणतात. अमेरिकेत त्यालाच ‘बंकम’ म्हणतात. या शब्दाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१८२० साली तिथल्या संसदेत मिसुरी राज्यात गुलामगिरी असावी की नसावी, यावर चर्चा चालली होती. सगळे कंटाळलेले, मतदान करून मोकळे व्हायला बसलेले. तेवढ्यात फेलिक्स वॉकर नावाचे सदस्य बोलायला उठले. लोक म्हणाले, आता पुरे! तर ते म्हणाले, मला माझ्या बंकम जिल्ह्यासाठी बोलायचंच आहे. म्हणजे बोलणं प्रश्नासाठी नाही, आपल्या माणसांनी वाहवा करावी म्हणून! तेव्हापासून निरर्थक बोलण्याला हे नाव पडलं.

आता सांगा, खोटं जास्त वाईट की बाता? खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, म्हणून तर तो ते लपवतो. बाता मारणाऱ्याला खऱ्या-खोट्याशी देणंघेणंच नसतं. म्हणून तो सत्याचा जास्त मोठा शत्रू, असं हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९८६ च्या एका निबंधात मांडलं आहे.

आपले फॉरवर्ड बघा. ‘आला तसा पाठवला’ म्हणतो आपण. खोटं बोललो नाही, पण खरं आहे का, हेही पाहिलं नाही. एवढ्यानं काय बिघडतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. अफवा पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांना मुलांची काळजीच वाटली असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पण पाच ठिकाणी तरी काय पाठवायचं, ते आपल्याच हातात आहे ना?

मग थट्टा-मस्करी बंद करायची का? मुळीच नाही. नणंद-भावजयीच्या लोणकढी थापा दोघींनाही कळतात, त्यात फसवणूक नाही. पण ग्रुपवर आपलं नाव बघून आत्या, काका भरवशानं वाचतात. तो भरवसा जपायला हवा.

गीतेच्या १७ व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं हिताचं हवं आणि खरंही हवं. ‘भल्यासाठीच पाठवलं’ म्हणताना आपण त्यातलं अर्धंच पाळतो.

म्हणून पाठवण्याआधी एक श्वास घ्यावा आणि स्वतःला विचारावं, ‘हे मला कुठून कळलं?’ उत्तर नसेल तर तो मेसेज आपल्यापाशीच थांबू द्या. हीसुद्धा सेवाच आहे.