टँकर कोणाचा?

शहापुरात ‘टँकर आला’ म्हटलं की बाया हंडे घेऊन धावतात. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि मे महिन्यात पाड्यांवर टँकर. मुरबाडकडेही तेच. ज्याच्या येण्याची भीती वाटावी असाही टँकर असतो, हे मला ‘पवित’मुळे कळलं.

‘पवित’ हे हजारेक टनांचं तेलवाहू जहाज. जून २०११ संपता संपता ते ओमानजवळ बंद पडलं. १३ खलाशांना ब्रिटिश नौदलाच्या ‘सेंट अल्बन्स’ने वाचवलं. रिकामं जहाज पावसाळी वाऱ्यावर महिनाभर भरकटलं आणि ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत रुतलं. २६/११ नंतरचा नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस असा तिहेरी पहारा. कुणालाच दिसलं नाही.

चर्चा झाली ती या पहाऱ्याची. मी अडतो ते दुसरीकडे. खलाशांनी जहाज सोडलं ते बरोबरच. लोखंडासाठी जीव द्या, असं कुणाला सांगायचा हक्क आपल्याला नाही. पण जहाज सोडलं म्हणजे जबाबदारीही सुटली का? कसारा घाटात ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर निदान मागे दगड आणि झाडाची फांदी तरी लावतो. समुद्रात मालक एकीकडे, खलाशी भारतीय, झेंडा पनामाचा. असा झेंडा लावणं कायदेशीर आहे, आणि गोम तिथेच आहे. जबाबदारीचे इतके वाटे पडतात की कुणाच्याच पदरात पुरेशी येत नाही.

किनाराही काही धुतल्या तांदळाचा नसतो. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टीज’ हा टँकर स्पेनजवळ वादळात फुटला. पोटात ७७ हजार टन जड तेल. कॅप्टनने आसरा मागितला, स्पेनने त्याला खोल समुद्रात हाकललं. सहा दिवसांत जहाज दुभंगून बुडालं आणि तेल गॅलिशियाच्या किनाऱ्यावर आलंच. आत घेतलं असतं तर घाण कदाचित एका खाडीपुरती राहिली असती. पण ती खाडी कोणाची? ‘बाकीच्यांसाठी तुम्ही सोसा’ असं ज्या गावाला सांगाल ते काय म्हणेल, हे धरणांच्या तालुक्यात राहून मला वेगळं विचारावं लागत नाही. तरीही आसरा द्यावा, असंच मला वाटतं. फक्त त्या गावाला भरपाईची हमी आधी द्यावी, आणि लेखी द्यावी. तोंडी हम्या आम्ही पुष्कळ ऐकल्यात.

‘प्रेस्टीज’ प्रकरणात स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दोन वर्षांची कैद सुनावली ती कॅप्टनला. जहाज दूर न्यायला लावणारा सरकारी अधिकारी निर्दोष सुटला.