दारिद्र्य कशाला म्हणावें?

दारिद्र्य म्हणजे पैसा नसणें, अशी व्याख्या पुष्कळ लोक करितात, व वरवर पाहतां ती खोटी नाहीं. परंतु तिनें काम भागत नाहीं. ज्यांच्याजवळ आज पैसा नाहीं असे दोन मनुष्य घ्या. एकाचें पीक शेतांत उभें आहे, कणगींत चार महिन्यांचें धान्य आहे. दुसऱ्याच्या घरीं उद्यांची भाकर नाहीं. दोघांचे खिसे सारखेच रिकामे. पण पहिला थांबूं शकतो, दुसरा थांबूं शकत नाहीं. आमच्या मतें दारिद्र्याचें वर्म येथेंच आहे. ज्याला वाट पाहण्याची ऐपत नाहीं, त्याला कोणासहि ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं. साधूनें आपखुषीनें पत्करलेल्या दारिद्र्याची गोष्ट निराळी. तुकारामांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडलीं, असें परंपरा सांगते. पण जो सोडूं शकतो त्याच्या हातांत कांहींतरी असतें, हें विसरूं नये.

गरीबाला सुगीच्या दिवसांत, भाव पडलेला असतां, धान्य विकावें लागतें, आणि पावसाळ्यांत तेंच धान्य चढ्या भावानें घ्यावें लागतें. पूर्वीं पेरणीच्या वेळीं बी सवाईनें किंवा दिढीनें उचलीत; मणाला सव्वा मण अथवा दीड मण परत. हा करार कोणी जबरीनें लादीत नसे. शेतकरी आपल्या पायांनीं चालत जाई व आपल्या हातानें अंगठा उठवी. मग त्यास संमति म्हणावें कीं काय?

हा प्रश्न ह्या प्रांतांत एकदां फार मोठ्यानें विचारला गेला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली, व पाहतां पाहतां हें लोण अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरलें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सावकारांच्या जिवास बहुधा धक्का लागला नाहीं. लोकांना हवे होते ते कागद, आणि हातीं आलेलीं खतपत्रें त्यांनीं जाळलीं. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत (१८६१–६५) कापसाचा भाव चढला होता, तेव्हां कर्ज सुलभ झालें. मग भाव कोसळला, सरकारनें साराहि वाढविला, आणि सावकारानें हात आखडला. १८७९ च्या कायद्यानें न्यायालयांस खताच्या आंकड्यामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे अंगठा हा संमतीचा पुरावा नेहमींच असतो असें नाहीं, हें सरकारासहि मान्य करावें लागलें. मोशेच्या नियमशास्त्रानें गरीबाचें गहाण ठेवलेलें पांघरूण सूर्यास्तापूर्वीं परत करण्यास सांगितलें आहे, त्यांतहि हीच समज आहे.

त्या काळचा सावकार गेला, पण उचल गेली नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड्यांची स्थिति पाहा. हंगामापूर्वीं मुकादम रक्कम देतो. ती नवराबायकोच्या जोडीस मिळून असते, व ह्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसांस हत्याराचें नांव पडावें आणि तें कोणास खटकूं नये, ह्यांत आम्हांस पुष्कळ अर्थ दिसतो. एखादा दिवस आजारानें बुडाला तर ‘खाडा’ म्हणून दंड अंगावर चढतो. उचल फिटली नाहीं तर बाकी पुढील हंगामावर जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे. पण ही बाकी कोणत्या नांवानें ओळखावी? ह्या तोडणीवरील अनेक स्त्रियांनीं लहान वयांतच गर्भाशय काढून घेतल्याचें २०१९ सालीं गाजलें, व राज्य सरकारास चौकशी समिति नेमावी लागली. खाडा चुकविण्यासाठीं शरीराचा भाग काढण्यापर्यंत जी गोष्ट जाते, तिला केवळ पैशाची उणीव म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग होय.

गरीब आळशी असतात, असें म्हणणारे लोक आमच्या मंडळ्यांतहि आहेत. त्यांस १९७२ च्या दुष्काळाची आठवण द्यावीशी वाटते. १९७३ च्या मे महिन्यांत सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसें होतीं. वैशाखाच्या उन्हांत खडी फोडावयाची, आणि मजुरी अल्प! आळशी मनुष्य ह्यासाठीं मैलोगणती चालत येत नाहीं. त्याच सुमारास वि. स. पागे ह्यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठीं नोकरदारांवर व्यवसायकर बसला, ह्याची खूण मुंबईच्या कारकुनालाहि दरमहा पटत असे. योजनेंत लांड्यालबाड्या झाल्या नाहींत असें नाहीं. तथापि गांवांतील मालकानें पडेल ती मजुरी पुढें केली असतां ‘दुसरीकडे काम आहे’ असें म्हणण्यास मजुराला जागा झाली, आणि तें वाक्य उच्चारणारा मनुष्य आमच्या व्याख्येप्रमाणें कालच्यापेक्षां कमी दरिद्री होता, मग त्याच्या खिशांत कालच्याइतकेच पैसे असोत.

समाजावर होणारा परिणाम इतक्या लवकर मोजतां येत नाहीं. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं तो खोटें बोलूं लागतो. देणेकऱ्यास उद्यां, शिक्षकास परवां, पाळकास पुढल्या रविवारीं. मग त्याचा शब्द गांवांत कोणी धरीत नाहीं, आणि ज्याचा शब्द धरला जात नाहीं त्याच्या मुलाचाहि धरीत नाहींत. तें मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर गाडींतून उसाच्या फडावर जातें, व त्याचें नांव शाळेच्या पटावर उन्हाळ्यापर्यंत तसेंच राहतें.