सुपाला सुंदर म्हणावं का?

आमच्या पोंभुर्ण्यात घरोघरी गंज, गडवा, बांबूचं सूप असतं. पण त्यांना कुणी सुंदर म्हटल्याचं ऐकिवात नाही. सुंदर म्हणजे शोकेसमधली कपबशी, जिच्यातून पाहुण्यालाही चहा मिळत नाही!

चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी मात्र घड्याळ, झाडाचं पान, सेफ्टी पिन असल्या वस्तू कॅनव्हासवर मांडल्या. आता चित्रातल्या घड्याळापायी कुणाची बस चुकत नाही. वेळ सांगायच्या कामातून ते सुटलेलं असतं, म्हणून पहिल्यांदाच डोळे भरून पाहता येतं. म्हणजे चित्रकार वस्तूला सौंदर्य देत नाही. आपल्याला सवड देतो.

आम्ही बँकवालेही गिऱ्हाइकाची सही फार निरखून पाहतो, पण संशयाने. चित्रकार सूप निरखतो ते निःसंशय मनाने. फरक एवढाच, आणि तोच सगळा!

खरा प्रश्न पुढेच आहे. सुपाचं चित्र भिंतीवर टांगायचं, आणि आठवडी बाजारात, बांबू चिरून-सोलून ते विणणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालायची, तर आपण पाहिलं काय? चित्र पाहिलं असेल. सूप काही दिसलं नाही बुवा!